यादी आपली आपण करावी

निवृत्तीचे पैसे बँकेत जमा झाले त्या आठवड्यात मला तीन माणसांनी तीन सल्ले दिले. मुलगा म्हणाला, "आई, फ्लॅटचे कर्ज फेडून टाकू." जाऊबाई म्हणाल्या, नातीच्या नावावर ठेव. आमच्या वस्तीतल्या विहाराचे जुने कार्यकर्ते घरी आले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "सिस्टर, विहाराचा वरचा स्लॅब अजून राहिला आहे." तिघांपैकी एकाचेही म्हणणे खोटे नव्हते. तरीही मी सांगून टाकले की, त्यातले थोडे पैसे घेऊन मी लंडन आणि पॅरिस पाहायला जाणार आहे. एकटी जाणार आहे.

घर गप्प झाले. मग प्रश्न सुरू झाले. या वयात? एकटीने? इंग्रजी येते का? आणि सर्वांत शेवटी, दबक्या आवाजात, खरा प्रश्न आला : ही चैन नाही का?

वाचकहो, या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आपल्या समाजात पैसा पहिल्या पिढीचा आहे. एक नोकरी लागली की तिच्यावर चार घरे उभी राहतात. चौतीस वर्षे सरकारी दवाखान्यात पाळ्या करून मी तेच केले. दिराचे शिक्षण, नणंदेचे लग्न, मुलांचे क्लास, सगळे झाले. बाबासाहेबांनी नागपुरात सांगितलेला उत्पन्नाचा विसावा भागही जमेल तसा बाजूला काढला. स्लॅबसाठीही देणार आहे. परंतु ज्यांच्या आजा-पणजाला गावच्या रस्त्यावरून सावली सांभाळत चालावे लागत होते, त्यांच्या नातीने आपल्या पायाने, आपल्या पैशाने जग पाहिले तर ती चैन आणि इतरांनी पाहिले तर तो अभ्यास, हा न्याय मला मान्य नाही. आपणच तो स्वतःला लावून घेऊ नये.

एकटीने का, याचेही उत्तर देते. आयुष्यभर मी प्रवास केला तो जत्थ्याने. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, दसऱ्याला दीक्षाभूमी. त्या गर्दीने मला बळ दिले, ते मी विसरणार नाही. पण आजवर मी कुठेही एकटी गेले नाही. कुठे थांबायचे आणि किती वेळ थांबायचे, हे नेहमी दुसऱ्याने ठरवले.

मुलाच्या आग्रहाखातर एका पर्यटन कंपनीचे माहितीपत्रक पाहिले. दहा दिवसांत सात देश. लंडनमध्ये मेणाचे पुतळे, मोठे चाक, राजवाड्यासमोर फोटो. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर, नदीतली बोट आणि अत्तराचे दुकान. या यादीत बाबासाहेबांचे लंडन एका ओळीचेही नव्हते. मी फोनवर विचारले. "मॅडम, ते रूटमध्ये नाही," एवढेच उत्तर मिळाले. त्याच दिवशी ठरवले, रूट आपला आपण आखायचा. वहीच्या पहिल्या पानावर दोनच शहरे लिहिली. बारा दिवस. सात लंडनला, पाच पॅरिसला.

ज्यांना असाच विचार करायचा आहे त्यांच्यासाठी कागदपत्रांचे आधी सांगते, कारण आपले लोक इथेच घाबरतात. ब्रिटन शेंगेन करारात नाही. म्हणजे लंडनचा व्हिसा वेगळा आणि पॅरिसचा वेगळा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. शेंगेनचा सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी देता येतो, म्हणून मी आधी ब्रिटनचा अर्ज करणार आणि पासपोर्ट परत आला की लगेच फ्रान्सचा. शेंगेनसाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचे गेल्या काही महिन्यांचे उतारे, पेन्शनचा कागद आणि परत येण्याचे कारण स्पष्ट दिसेल अशी कागदपत्रे लागतात. कोणाच्या तरी ओळखीची गरज नाही. दलालाचीही नाही. ज्या समाजाने जातपडताळणीच्या फायली पुऱ्या केल्या, त्याला हा अर्ज जड जाऊ नये.

विमानाचे तिकीट मुंबई ते लंडन आणि परतीचे पॅरिस ते मुंबई असे काढणार आहे. म्हणजे उलट फिरून लंडनला यावे लागत नाही, आणि ब्रिटनमधून लांबच्या विमानाने निघताना जो भरभक्कम कर लागतो तोही वाचतो. मधला प्रवास रेल्वेने. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी जाते. बोगदा १९९४ साली सुरू झाला. सव्वादोन तास-अडीच तासांत माणूस पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावर उतरतो. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्थानकातच होते, त्यामुळे तिथे लवकर पोचायचे. तिकीट जितके आधी तितके स्वस्त.

आता लंडनची यादी. पहिला पूर्ण दिवस एकाच भागात पायी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियम ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हे नकाशा पाहीपर्यंत मला माहीत नव्हते. बाबासाहेब १९१६ साली या संस्थेत आले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले, १९२० साली पैसे जमवून पुन्हा गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. आणि त्याच काळात ग्रेज इनमधून बॅरिस्टर. रात्री पापडावर भूक मारून अभ्यास केल्याचे आपण चरित्रात वाचले आहे. ते ज्या रस्त्यांनी चालले ते रस्ते मला घाई न करता चालायचे आहेत.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेश विनामूल्य आहे. तिथल्या गोल वाचनालयात मार्क्स बसला आणि बाबासाहेबही. ती ग्रंथसंपदा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रासजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत हलवली गेली. पॅरिसची गाडी पकडण्याआधी तीही पाहून होते, कारण स्थानक अगदी शेजारी आहे. पण म्युझियममध्ये आणखी एक गोष्ट आहे. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शंभराहून अधिक शिल्पे तिथे एका दालनात मांडली आहेत. आपल्या धम्माचा वारसा पाहण्यासाठी सातासमुद्रापार तिकीट काढावे लागते, यावर राग यायचा तो येणारच. तो घेऊनच आत जायचे आणि नीट पाहायचे.

दुसरा दिवस किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घराचा. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे स्थानिक पालिकेने २०१८ साली संग्रहालयाला परवानगी नाकारली. काही शेजाऱ्यांची गर्दीबद्दल तक्रार होती. जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. हे मुद्दाम लिहिते, कारण ती निवासी गल्ली आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासाव्यात, घोषणा न देता शांतपणे जावे, पाहावे, वाचावे. आपली शिस्त हेच तिथले आपले अभिवादन. भुयारी रेल्वेचे चॉक फार्म स्थानक तिथून जवळ आहे.

नंतरच्या दिवसांत हायगेटच्या दफनभूमीतील मार्क्सची समाधी. सेंट जेम्स राजवाडा बाहेरून, कारण १९३० आणि १९३१ च्या गोलमेज परिषदांच्या बैठका तिथे भरल्या होत्या आणि अस्पृश्यांचा प्रश्न तिथे आपल्या माणसाच्या तोंडून जगापुढे गेला. वेस्टमिन्स्टरची संसदही पाहणार. आणि हो, मोठे चाकही पाहणार. खालून. त्याला पैसे पडत नाहीत.

पॅरिसला सोमवारी पोचायचे असे ठरवले आहे. तिथला मेट्रोचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार चालतो, मधल्या वारी गेलो तर उरलेले दिवस वाया जातात. लूव्र मंगळवारी बंद आणि शहराच्या इतिहासाचे कार्नाव्हाले संग्रहालय सोमवारी बंद, तेव्हा मंगळवारी कार्नाव्हाले. त्याचा कायमचा संग्रह विनामूल्य आहे आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या वस्तू तिथे आहेत. तिथून बास्तीय चौक चालत गाठता येतो. १४ जुलै १७८९ ला लोकांनी फोडलेला तुरुंग आज तिथे नाही. तो पाडून टाकला. चौकातला उंच स्तंभही त्या क्रांतीचा नाही, १८३० च्या क्रांतीचा आहे. पण मेट्रोच्या फलाटावर जुन्या पायाचे काही दगड दिसतात. शोषितांनी पाडलेल्या भिंतीचे दगड पाहायला मी जरूर जाणार.

पँथेऑनमध्ये व्हॉल्तेअर आणि रूसो आहेत, तसेच हैतीच्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर याच्या नावाचा शिलालेखही आहे. क्रांतीने १७९४ साली गुलामी संपवली, नेपोलियनने १८०२ साली ती परत आणली, पुन्हा संपायला १८४८ साल उजाडले. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द भिंतीवर कोरणे वेगळे आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे वेगळे. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्पष्ट सांगितले होते की, ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. पॅरिस पाहताना हे वाक्य खिशात असले पाहिजे, म्हणजे माणूस भारावून जात नाही आणि तुच्छतेनेही पाहत नाही.

आयफेल टॉवरसमोर त्रोकादेरोचा ओटा आहे. सारे जग तिथे उभे राहून फोटो काढते. त्याच शायो प्रासादात १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द त्यात यावा म्हणून भारताच्या हंसा मेहता झगडल्या होत्या. आणि त्याच्या अवघे अकरा दिवस आधी, २९ नोव्हेंबरला, दिल्लीत आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले होते. हे फोटो काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? मीही तिथे फोटो काढणार. पण या दोन तारखा मनात ठेवून. तिथून थोड्या अंतरावर गिमे संग्रहालयात बुद्धमूर्ती पाहणार.

खर्चाचे म्हणाल तर माझा अंदाज अडीच लाखांच्या आसपास आहे. एकट्या माणसाला हॉटेलची खोली महाग पडते, म्हणून बायकांच्या सामायिक खोलीतली खाट घेणार. स्वयंपाकघर असलेली वसतिगृहे दोन्ही शहरांत मिळतात. दुधा-मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, तेव्हा भाजणी, पोहे आणि शेंगदाण्याची चटणी.

भीती आहे का? आहे. इंग्रजी अडखळते, फ्रेंच तर येतच नाही. रात्रपाळीला वॉर्डात एकटी असतानाही पहिल्या महिन्यात भीती वाटली होती. काम शिकले, भीती गेली. पत्ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिले आहेत. पासपोर्टची एक प्रत पिशवीत आणि एक मुलाकडे. अंधार पडण्याआधी खोलीवर परतायचे, आणि रोज रात्री घरी एक फोन.

परवा नात शेजारी बसून वही चाळत होती. म्हणाली, "आजी, तू परत आलीस की ही वही मला देशील? मी पुढच्या शहरांची यादी करते." विहाराच्या स्लॅबवर एक दिवस अशा मुलींचे अभ्यासवर्ग भरतील. तेव्हा तिथे ही वहीही ठेवणार आहे. बहिणींनो, आपापली यादी करायला घ्या. जयभीम!