आदिलाबादचे पाणी, आदिलाबादचे रान

सुट्टी लागली की आपल्याकडची मंडळी कारवार नाहीतर गोव्याचे नाव काढतात. रात्रभराचा प्रवास, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही आणि लॉजचे भाव चढलेले. मुलांना हवे असते काय? पाणी आणि प्राणी. समुद्राची लाट सोडली तर हे दोन्ही आदिलाबादच्या डोंगरात मिळते.

आदिलाबाद परके वाटायचेही कारण नाही. 1956 साली हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा मराठी मुलखात आले, तसेच आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा आले. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. आजही आदिलाबादच्या बाजारात मराठीवर निभावते. 2016 मध्ये या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्यामुळे पुढे येणारी काही ठिकाणे आता कागदावर निर्मल, मंचेरियाल किंवा आसिफाबादमध्ये मोडतात.

पहिला मुक्काम कुंटाला धबधबा. नागपूर-हैदराबाद महामार्गावर नेरडिगोंडा लागते, तिथून साधारण 12 कि.मी. आत. कडेम नदी इथे सुमारे 45 मीटर खाली कोसळते. वरून शेकडो पायऱ्या उतरून जायचे. उतरताना मुले पुढे असतात, चढताना आजोबांना मागे टाकून कोणी जात नाही, कारण सगळ्यांचीच दमछाक झालेली असते. कपारीत सोमेश्वराचे स्थान आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी गर्दी होते. शकुंतलेवरून हे नाव पडले असे लोक सांगतात. मला ते पटत नाही. तेलुगू लोक उच्चार करतात तो 'ट'चा, आणि तेलुगूत कुंटा म्हणजे लहान तळे. आपल्या कन्नडमध्ये कुंटे म्हणतात तेच. धबधब्याच्या अंगाखांद्यावरचे डोह पाहिले की शकुंतलेला बोलावण्याची गरज उरत नाही.

हे डोहच खरे धोक्याचे. वरून शांत दिसतात, पण शतकानुशतके पाण्याच्या माराने खडक आतून पोखरला गेला आहे. कडेला शेवाळ, खाली ओढ, आणि डोंगरमाथ्यावर पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी एकाएकी वाढते. कितीतरी तरुण इथे बुडाले आहेत. त्यांत पट्टीचे पोहणारेही असणार, कारण पोहता न येणारा सहसा इतक्या आत जात नाही. विद्यार्थ्यांची सहल नेताना माझा एकच नियम असतो: पाय भिजले तरी चालतील, गुडघा भिजता कामा नये. मुले तोंड वाकडे करतात. करू देत. बोथजवळचा पोचेरा धबधबा उंचीने कमी, म्हणून तिथे लोक जास्त निर्धास्त असतात. त्याचाही डोह खोल आहे.

दुसरा दिवस रानासाठी ठेवावा. कवाल अभयारण्याला 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जन्नारमहून सफारीची सोय आहे, निघण्यापूर्वी फोनवर चौकशी करावी. सागवान आणि बांबूच्या रानात चितळ, सांबर, नीलगाय दिसतात, नशीब असेल तर गवा किंवा अस्वल. वाघ दिसेल असे मुलांना सांगून नेऊ नये. इथे वाघ येतो तो बहुधा ताडोब्याहून किंवा पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरहून. टिपेश्वरचा एक तरुण वाघ जून 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, आदिलाबादची शेते तुडवत, महाराष्ट्र-तेलंगणाचे जिल्हे ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण चाल 3000 कि.मी.च्या वर भरली.

आपण ही बातमी कौतुकाने वाचतो. पण पर्यटकांचा हंगाम तोच कापूस वेचणीचाही हंगाम. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आसिफाबाद भागात वाघाने दोघांचा जीव घेतला, त्यातली एक मुलगी कापसाच्या शेतात होती. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कागजनगरकडे पुन्हा एक तरुणी गेली, तीही कापसाच्या कामावरच. कवाल आणि ताडोबा जोडणाऱ्या जंगलाला 2025 मध्ये तेलंगण सरकारने संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले, तेव्हा आदिवासींनी जोरदार विरोध केला आणि निर्णय स्थगित ठेवावा लागला. वाघ वाचावा असे मलाही वाटते. पण आपण जीपमध्ये बसून जातो आणि त्या बाया पायी शेतात जातात, हा फरक मुलांना सांगावा. वाटेत कापूस वेचणाऱ्या बाईला 'वाघ पाहिलात का?' असे हसत हसत विचारणारे पर्यटक भेटतात, त्यांची मात्र कीव येते.

हा मुलूख गोंडांचा. कन्नड जाणणाऱ्या मुलांना त्यांच्याकडून आकडे म्हणून घ्यायला सांगा: उंदी, रंड, मूंद, नालुंग. आपले ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु लगेच ओळखू येते. आमच्या वर्गात व्याकरणाच्या तासाला झोपणारी पोरे तिथे टक्क जागी झाली.

नांदेडहून किनवटमार्गे आदिलाबादला रेल्वे जाते. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ चांगला. धबधब्याला पाणी असते आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. जेवणाचा डबा बरोबर घ्यावा, आणि रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात, कुंटाल्याच्या पायऱ्यांवर त्या आधीच पुष्कळ आहेत.