कॅलिफोर्नियांतील मिश्र संसार

दोन भिन्न देशांतील स्त्रीपुरुषांनीं लग्न केलें म्हणजे त्यांचें कसें जमणार, हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं येतो. स्वयंपाक कोणाच्या पद्धतीचा, देव कोणाचा, मुलांनीं बोलावयाचें कोणत्या भाषेंत, सणावारीं जावयाचें कोणाकडे? आणि त्याचें उत्तरहि ठरलेलें असतें: दोघांनीं थोडें सोडावें, थोडें घ्यावें. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. कारण कोणी किती सोडावयाचें हें पुष्कळदां नवराबायकोच्या मर्जीवर नसतें. तें उंबरठ्याबाहेर, कायद्याच्या कचेरींत, आधींच ठरून गेलेलें असतें. हिंदुस्थान आणि अमेरिका यांच्यामध्यें उभ्या राहिलेल्या संसारांचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट दिसते. त्या इतिहासांतील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण म्हणजे पंजाबी शेतकऱ्यांनीं कॅलिफोर्नियांत मेक्सिकन स्त्रियांशीं थाटलेले संसार.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकांत पंजाबांतील जालंदर, होशियारपूर या बाजूचे कांहीं हजार पुरुष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्यांतले पुष्कळ ब्रिटिश पलटणींत किंवा हाँगकाँग-शांघायच्या पोलिसांत चाकरी करून आलेले होते. घरची जमीन भावाभावांत वांटली जाऊन तुटपुंजी झालेली. चार पैसे साठवावे, गहाण सोडवावें आणि परत जावें, एवढाच बहुतेकांचा बेत. प्रथम त्यांनीं उत्तरेकडील लांकडाच्या गिरण्यांत व रेल्वेच्या रुळांवर काम केलें. मग ते कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यांतील फळबागांकडे वळले. आणि कित्येक तर थेट मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या इंपीरियल खोऱ्यांत गेले. हें खोरें मूळचें वाळवंट. १९०१ सालीं कोलोरॅडो नदीचें पाणी कालव्यानें तेथें आलें आणि पुढें कापूस व खरबुजें पिकूं लागलीं. कालव्याच्या पाण्यावर शेती करणें पंजाबी माणसाला नवें नव्हतें. त्यांत बहुसंख्य शीख, कांहीं मुसलमान आणि थोडे हिंदू होते. पण अमेरिकन लोक त्या सर्वांना सरसकट ‘हिंदू’च म्हणत. महाराष्ट्राला हे लोक अगदींच अपरिचित नाहींत. पांडुरंग खानखोजे आणि तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे या तरुणांनीं ज्या गदर चळवळींत उडी घेतली, ती १९१३ सालीं याच मजूर-शेतकऱ्यांच्या पाठबळावर उभी राहिली होती.

परत जाण्याचा बेत मोडला तो कायद्यानें. १९१७ च्या फेब्रुवारींत अमेरिकन काँग्रेसनें, अध्यक्ष विल्सन यांचा नकार बाजूस सारून, एक कायदा संमत केला. त्या कायद्यानें आशियाचा मोठा भाग निषिद्ध ठरला, आणि हिंदुस्थान त्यांतच आला. मजुरीसाठीं येणाऱ्यांना बंदी झाली. आधींच आलेल्यांना देशांतून बायको आणतां येईना. आणि गांवीं जाऊन यावें, तर पुन्हां आंत शिरतां येईल याची शाश्वती राहिली नाहीं. तेव्हां जे राहिले त्यांनीं तेथेंच घर करावयाचें ठरविलें. पण लग्न करावयाचें कोणाशीं? कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें गोऱ्यांस नीग्रो व मंगोलियन वंशाच्या लोकांशीं लग्नाचा परवाना मिळत नसे. हिंदी माणूस या यादींत नांवानिशीं नव्हता. त्यामुळें निवाडा परवाने देणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांवर आला. वधूवरांचा रंग एकमेकांशीं जुळतो असें त्याला वाटलें तर परवाना मिळे. १९१० सालापासून मेक्सिकोंत क्रांतीची धामधूम चालू होती, आणि तिला कंटाळून सरहद्द ओलांडलेलीं कुटुंबें इंपीरियल खोऱ्यांतील कापसाच्या शेतांत वेंचणीला येत असत. परवान्याच्या वर्णाच्या रकान्यांत दोघांपुढेंहि ‘तपकिरी’ असा एकच शब्द पडला कीं काम भागे. अशीं लग्नें १९१६-१७ च्या सुमारास सुरू झालीं. पुढील तीन दशकांत अशीं कांहीं शें कुटुंबें उभीं राहिलीं. भागीदारींत शेती करणाऱ्या दोघां पंजाब्यांनीं दोन बहिणींशीं लग्न करावें, असें तर वारंवार घडे.

लग्न लागलें तरी कायदा घराबाहेर गेला नाहीं. नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयांनीं शेतजमीन विकत घेऊं नये, असा कायदा कॅलिफोर्नियानें १९१३ सालीं केला होता आणि १९२० सालीं तो अधिक कडक केला. हिंदी लोक या ‘अपात्र’ वर्गांत मोडतात कीं नाहीं, हें कांहीं काळ संदिग्ध होतें. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तो संदेह मिटविला. थिंद पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत होते. न्यायालयानें म्हटलें कीं, वंशशास्त्राचे पंडित कांहींहि म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो त्यांत हिंदी मनुष्य येत नाहीं. सबब तो नागरिक होऊं शकत नाहीं. याच सुमारास, १९२२ सालीं, झालेल्या दुसऱ्या एका कायद्यानें असें ठरविलें कीं, अशा अपात्र परकीयाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेंहि नागरिकत्व गमावील. हें कलम १९३१ सालापर्यंत टिकलें. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी कीटिंग जन्मानें अमेरिकन होत्या. १९२४ सालीं त्यांचें लग्न झालें आणि जन्मभूमींतच त्या परक्या ठरल्या. प्रेम केल्याचा दंड असा स्त्रीकडून वसूल होई.

मग जमीन कोणाच्या नांवें ठेवावी? कोणी विश्वासांतल्या अमेरिकन शेजाऱ्याच्या नांवें ठेवी. पुढें दुसरी वाट सांपडली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलें मूल जन्मतःच तेथील नागरिक असतें. तेव्हां जमीन मुलाच्या नांवें करावी आणि न्यायालयाच्या संमतीनें बापानें त्याचा पालक म्हणून ती कसावी. बाप राबणारा आणि पाळण्यांतलें मूल मालक! ज्या पंजाबांत बापाच्या हयातींत मुलानें जमिनीविषयीं शब्द काढणें उद्धटपणाचें, तेथल्या माणसाला मुलाच्या सहीची वाट पाहण्याची वेळ आली. बापलेकांच्या नात्यांतील हा पालट अमेरिकन चालीरीतींचा परिणाम म्हणून दाखविला जातो; वास्तविक तो एका कलमाचा परिणाम होता.

आतां घराच्या आंत पाहूं गेल्यास तडजोड मोठ्या गोडीनें झालेली दिसते. पंजाबी पुरुषांनीं ब्रह्मचाऱ्यांच्या बिऱ्हाडांत वर्षानुवर्षें स्वतः रांधलेलें. त्यांनींच बायकांना रस्सा व भाजी करावयास शिकविलें. पंजाबी रोटी आणि मेक्सिकन तोर्तिया या तर जणूं सख्ख्या बहिणी. मिरचीची आवड दोन्हीकडे सारखीच. शेतावरील मेक्सिकन मजुरांशीं बोलतां बोलतां पुरुष स्पॅनिश शिकले, आणि तीच घरची भाषा झाली. मुलें आईबरोबर कॅथॉलिक देवळांत जात, आणि बाप त्याला हरकत घेत नसत. देव एकच, वाटा निराळ्या, असें ते म्हणत. मेक्सिकन चालीप्रमाणें मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो, आणि त्या नात्याला तेथें व्याह्यांच्या नात्याइतका मान असतो. बापाचा पंजाबी मित्रच या कामीं उभा राही. मग तो शीख असो वा मुसलमान. १९१२ सालीं स्थापन झालेल्या स्टॉकटनच्या गुरुद्वारांत हींच कुटुंबें मुलांबाळांसह जमत. मुलांचीं नांवें मारिया, होसे, रोसा. आणि आडनांवें सिंग, राम, खान.

परंतु मुलांना पंजाबी आलें नाहीं. बापाच्या गांवाचें नांव त्यांना ठाऊक असे, तेथील एखाद्या भांडणाची किंवा पुराची हकीगतहि पाठ असे. पण त्या गांवची बोली त्यांच्या तोंडीं नव्हती. याचा दोष कोणी आईला दिला, कोणी बापाच्या उदासीनतेला दिला. पण भाषा, ओव्या, सणांच्या रीती, व्रतें हीं मुलांना बापाकडून क्वचितच मिळतात; तीं आजीकडून, आत्याकडून, काकूकडून मिळतात. या मुलांची आजी, आत्या व काकू १९१७ च्या कायद्याच्या पलीकडच्या बाजूला होत्या. आईची आई मात्र शेजारच्या घरांत होती. अशा स्थितींत कोणती संस्कृति टिकली याचें नवल वाटावयास नको.

हे संसार सगळेच सुखाचे होते असेंहि नाहीं. नवरा बायकोपेक्षां पुष्कळदां बराच वडील असे. त्याचे अविवाहित भागीदार त्याच घरीं राहत, आणि त्यांच्या भाकरी थापण्याचा भार तिच्यावर पडे. कांहींची पहिली बायको पंजाबांत वाट पाहत असे, आणि दोन घरांचा हा पेंच मिळकतीच्या वांटणीच्या वेळीं उघडा पडे. सासूसासरे नसलेल्या या घरांत सून म्हणून दबून राहण्याचें मेक्सिकन स्त्रीला कारण नव्हतें. पटेनासें झालें तर ती न्यायालयांत जाऊन काडीमोड मागे, आणि अशा स्त्रिया थोड्या नव्हत्या. शेवटीं मरणानंतरहि दोघांच्या वाटा निराळ्या होत. शिखाला अग्नि दिला जाई, मुसलमानाला ‘हिंदूं’साठीं राखलेल्या जागेंत पुरीत, आणि बायको कॅथॉलिक स्मशानांत जाई. जन्मभर एका ताटांत जेवलेलीं माणसें अशीं निरनिराळ्या ठिकाणीं विसांवलीं.

याच काळांतील दोन लग्नें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. १९२८ च्या मार्चमध्यें इंदूरचे गादी सोडलेले महाराज तुकोजीराव होळकर यांनीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशीं लग्न केलें. त्याआधीं वधूला हिंदुधर्माची दीक्षा देण्यांत आली आणि तिचें नांव शर्मिष्ठादेवी झालें. महाराष्ट्रांत त्यावर मोठा वाद माजला, पण लग्न झालें. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत दलीपसिंग सौंद यांनीं मॅरियन कोसा या झेक वंशाच्या अमेरिकन तरुणीशीं लग्न केलें. सौंद अमृतसर जिल्ह्यांतले. बर्कलीच्या विद्यापीठांतून त्यांनीं गणितांत डॉक्टरेट मिळविली होती. तरीहि त्यांना इंपीरियल खोऱ्यांत शेती करावी लागली. इंदुरांत राजवैभव होतें, म्हणून शास्त्राला वाट काढतां आली. सौंद यांच्यापाशीं विद्या होती, पण कायदा तिच्यापुढें वांकला नाहीं.

तो वांकला पुढें, आणि टप्प्याटप्प्यानें. १९४६ च्या जुलैंत हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि वर्षाला शंभर माणसांना प्रवेश मिळूं लागला. १९४८ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें वर्णावरून लग्नास केलेली मनाई रद्द ठरविली. साऱ्या देशांत ती १९६७ सालीं गेली. सौंद १९४९ सालीं नागरिक झाले. १९५६ सालीं त्याच शेतकी भागांतून ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. तेथें निवडून गेलेले ते पहिले आशियाई वंशाचे सभासद होत. जमिनीचा जुना कायदाहि त्याच वर्षीं मतदारांनीं काढून टाकला.

१९६५ सालीं प्रवेशाचे नियम सैल झाले आणि पंजाबांतून नवीं कुटुंबें येऊं लागलीं. आतां आज्या आल्या, सुना आल्या, भाषा आली, सण आले. युबा सिटीसारख्या गांवांत या नव्या मंडळींनीं जुन्या मिश्र कुटुंबांकडे पाहिलें, आणि त्यांतील कित्येकांना वाटलें कीं हे आपले नव्हेत. ज्यांनीं आपणांस जन्मभर अभिमानानें ‘हिंदू’ म्हणवून घेतलें, त्या सिंग आडनांवाच्या मुलांना आपण कोण, हें नव्यानें सिद्ध करण्याची पाळी आली. एका कायद्यानें ज्यांना घडविलें, त्यांना दुसऱ्या कायद्यानें पोरकें केलें.

आज हिंदुस्थान आणि अमेरिका यांच्यामध्यें संसार थाटणाऱ्यांपुढें या भिंती नाहींत. पण सर्वच भिंती गेल्या आहेत असें मात्र नाहीं. भारताची राज्यघटना दोन नागरिकत्वें एकदम मान्य करीत नाहीं. जोडप्याला केव्हांतरी एक निवडावें लागतें, आणि ज्याला आपलें सोडावें लागतें त्याच्या मनांत तें सल राहतें. भारतीयाशीं लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला येथें कायम राहण्याचा परवाना मिळूं शकतो, तथापि शेतजमीन विकत घेण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. इंपीरियल खोऱ्यांतील शेतकऱ्याला तो प्रश्न ताबडतोब समजला असता.

म्हणून अशा घरांत कोणी कोणासाठीं काय सोडलें याचा हिशेब मांडतांना एक रकाना नेहमीं कोरा ठेवावा. त्या रकान्यांत नवऱ्याचें नांव घालूं नये आणि बायकोचेंहि घालूं नये. पुष्कळ मिश्र संसारांतील कटुता यामुळें वाढते कीं, कायद्यानें हिरावून घेतलेली गोष्ट जोडीदारानें हिरावून घेतली असें वाटूं लागतें. ती मोठी गल्लत दूर झाली म्हणजे उरलेलें काम, रोटी आणि तोर्तिया एका तव्यावर भाजण्याचें, कॅलिफोर्नियांतील त्या कुटुंबांनीं कधींच करून दाखविलें आहे.