चमकीला ऐकू येत नाही, आपल्याला येतं

२००६ साली ‘गली गली सिम सिम’ ही बाहुल्यांची हिंदी मालिका टीव्हीवर सुरू झाली. त्यातली चमकी ५ वर्षांची, शाळेच्या गणवेशातली, सारखे प्रश्न विचारणारी. मुलीनं प्रश्न विचारावेत, हे तिनं घराघरात हसतखेळत दाखवलं.

पण टीव्हीतली बाहुली आपल्या पोरीचं उत्तर ऐकू शकत नाही. ते ऐकायला आपणच लागतो. म्हणून कार्यक्रम लागला की शेजारी बसू या, “आता काय होईल गं?” असं विचारू या.

टीव्ही नसला तरी अडत नाही. जुन्या मोज्यावर दोऱ्यानं डोळे काढू या, आत हात घालून बोलू या. आपल्याला न सांगितलेली भीती मूल कधी कधी बाहुलीला सांगतं. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवू या.