वासराचं रक्त आणि डॉक्टरांची बोटं

युसेन बोल्टचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, कुरकुरू लागला की तो म्युनिक गाठायचा, डॉ. हान्स-विल्हेल्म म्युलर-वोलफार्ट यांच्याकडे. १९७७मध्ये बायर्न म्युनिक फुटबॉल संघाचे डॉक्टर झालेले हे गृहस्थ मधले खंड वगळता २०२०पर्यंत तिथे होते. दुखऱ्या स्नायूत ते ॲक्टोवेजिन टोचत. वासराच्या रक्तातली प्रथिनं काढून टाकून हे औषध बनवतात. जोडीला होमिओपॅथीची इंजेक्शनं, आणि गुडघ्यासाठी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेलं हायल्युरोनिक ॲसिड. वासरू आणि कोंबडा म्हटल्यावर बातमीला आणखी काय हवं! पण त्यांचं खरं कसब सुईत नसून बोटांत असावं. स्नायू फाटलाय की नुसता आखडलाय, हे ते चाचपून ठरवत. फाटलेल्याला कित्येक आठवडे लागतात, आखडलेला बहुधा काही दिवसांत मोकळा होतो. त्यांच्या पुढाकाराने २०१३मध्ये तज्ज्ञांनी मांडलेल्या स्नायूंच्या दुखापतींच्या वर्गीकरणाचा पायाही हाच फरक आहे. आता कुणी आधी ‘फाटलाय, महिनाभर विश्रांती’ असं सांगितलं असेल आणि मुळात स्नायू फाटलेलाच नसेल, तर खेळाडू आठवड्यात मैदानात दिसणारच. श्रेय मात्र वासराला जातं.

यावर खेळाडूंचं उत्तर ठरलेलं: बरं वाटलं ना, मग झालं. बरं वाटतं हे खरंच. पण इंजेक्शनाविना किती दिवसांत वाटलं असतं, हे एकट्याकडे पाहून कळत नाही. अव्वल खेळाडू मूठभर, त्यांच्यावर चाचण्या कशा करणार, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, तरी पूर्ण टिकत नाही. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स स्नायूत टोचण्याची पीआरपी ही अशीच गाजलेली पद्धत. नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या ८० स्पर्धात्मक आणि हौशी खेळाडूंवर तिची चाचणी झाली. काहींना पीआरपी, काहींना नुसतं सलाइन, आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. २०१४मध्ये निकाल आला: मैदानात परतायला दोन्ही गटांना सारखेच, साधारण ४२ दिवस लागले. स्नायूंच्या दुखापतीवर ॲक्टोवेजिनच्या बाजूने असलेला पुरावा याहून फारच तुटपुंजा आहे. ऑलिंपिक समितीने २०००मध्ये त्यावर घातलेली बंदी पुढच्याच वर्षी उठली, पण उत्तेजक नसणं म्हणजे गुणकारी असणं नव्हे.

शिवाय नावावर चालणाऱ्या उपचाराचा दोषही नावालाच लागतो. एप्रिल २०१५मध्ये बायर्न पोर्तोकडून ३-१ हरला, तेव्हा जखमींची यादी लांबलचक होती; खापर वैद्यकीय पथकावर फुटतंय, असं म्हणत म्युलर-वोलफार्ट यांनी राजीनामा दिला. २०१७मध्ये क्लबने त्यांनाच परत बोलावलं. दोन्ही वेळी ॲक्टोवेजिनचा पुरावा होता तेवढाच होता.