टँकरची वाट आणि चेताजाल

२०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यातील शेकडो गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. टँकर भरायचे कोठे? आणि वस्त्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या?

समजा, एका फेरीत दहा वस्त्या घ्यायच्या आहेत. त्यांचे क्रम होतात १०×९×८…×१, म्हणजे ३६,२८,८००. वीस वस्त्यांसाठी ही संख्या एकोणीस आकडी होते! एकेक क्रम तपासत बसणे संगणकालाही परवडणारे नाही. येथे चेताजाल, म्हणजेच न्यूरल नेटवर्क, उपयोगी पडते. फिनलंडचे शास्त्रज्ञ तेऊवो कोहोनेन यांनी १९८२ साली मांडलेला प्रकार आपण पाहू.

नकाशावर कोठेही तीन ठिपके टाका. या आपल्या जाळ्यातील पेशी. आता कोणतीही एक वस्ती निवडा. तिच्या सर्वांत जवळचा ठिपका तिच्याकडे किंचित सरकवा. मोठी वस्ती जास्त वेळा निवडा. हे हजारो वेळा केले, आणि सरकण्याचे अंतर हळूहळू कमी केले, की प्रत्येक ठिपका आपापल्या वस्त्यांच्या मध्यावर स्थिरावतो. त्याच्या आसपास पाणी असलेली विहीर शोधली, की टँकर भरण्याची जागा मिळाली.

मार्गासाठी बरेच ठिपके दोऱ्याच्या वेढ्यासारखे जोडायचे. एक ठिपका सरकला की शेजारचेही थोडे ओढले जातात. ही ओढ कमी करत गेल्यास वेढा शेवटी सर्व वस्त्यांमधून जातो. तोच आपला क्रम! तो बहुधा चांगला असतो, पण सर्वांत लहान असेलच अशी खात्री नाही. शिवाय बालाघाटाच्या डोंगरात सरळ अंतर वेगळे आणि घाटरस्ता वेगळा. म्हणून उत्तर रस्त्याच्या अंतरावर तपासावेच लागते.

आणखी एक गोष्ट. आपण जे मोजायला सांगू तेवढेच जाळे पाहते. फक्त डिझेल मोजले, तर आडबाजूच्या चार घरांच्या तांड्यावर रोज शेवटी पाणी पोचेल, आणि तेथील बायका रोज उन्हात घागरी घेऊन थांबतील. उपाय साधा आहे. एक दिवसाआड वेढा उलट्या दिशेने फिरवायचा. अंतर तेवढेच, पण शेवटचा तांडा पहिला होतो. हे मात्र जाळ्याला सुचत नाही, आपल्याला सुचावे लागते.

वर्गात आपल्या तालुक्याचा नकाशा, टाचण्या आणि दोरा घेऊन हा प्रयोग जरूर करून पाहा. कोणाचा वेढा सर्वांत लहान येतो? आणि त्यात शेवटी कोण राहते?