पाणी नितळ दिसतंय, पण स्वच्छ आहे का?

डिसेंबरची संध्याकाळ. जयपूरचा पारा दहाच्या खाली सरकतोय. गच्चीवरच्या टबातून वाफा निघताहेत आणि दिवसभराचा शीण घालवायला तुम्ही पाय गरम पाण्यात सोडता. पाणी काचेसारखं नितळ. दोन दिवसांनी मुलीच्या पाठीवर खाज सुटणारं लाल पुरळ येतं. तुम्हाला वाटतं, नवा साबण लागला असेल. टबाकडे लक्ष जातच नाही, कारण पाणी स्वच्छ दिसत होतं.

घरगुती स्पामध्ये नेमकी इथेच फसगत होते. नितळ पाणी आणि जंतुमुक्त पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गरम पाण्याला जास्त जपावं लागतं

पोहण्याच्या तलावात माणसामागे कितीतरी पाणी असतं. 1000 लिटरच्या टबात चौघं बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 250 लिटर येतं. त्यात घाम, तेल, क्रीम, केसांतला शाम्पू असं सगळं उतरतं. पाणी कोमट ते गरम असल्याने स्यूडोमोनास नावाचे जिवाणू झपाट्याने वाढतात. पुरळ उठतं ते बहुतेक वेळा यांच्यामुळेच. पोहण्याचा पोशाख जिथे अंगाला चिकटलेला असतो, तिथे ते जास्त दिसतं. लिजिओनेला हे जिवाणू त्याहून धोकादायक. ते तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. घरात वयस्कर आजी-आजोबा असतील तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

जयपूरची तिहेरी परीक्षा

शहराला टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाचं पाणी मिळतं. तरीही अनेक घरांत बोअरवेल किंवा टँकरवर भिस्त असते. बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त. हे पाणी तापलं की हीटरवर आणि जेटच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. त्या खडबडीत थराला जंतूंचा बुळबुळीत पापुद्रा सहज चिकटतो.

दुसरी अडचण धुळीची. मे-जूनमधली एक आंधी आली की टबात माती उतरते आणि जंतुनाशकाचा बराच भाग तिच्यावरच खर्च होतो. तिसरी अडचण उन्हाची. उघड्या टबातलं क्लोरीन कडक उन्हात काही तासांत उडून जातं. म्हणून टबावर झाकण हवंच. छत्रपती संभाजीनगर किंवा सोलापूरला बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

तुरटी फिरवली तर?

आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची जुनी पद्धत आहे. तुरटीने मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात आणि पाणी नितळ होतं. पण तिने सगळे जंतू मरत नाहीत, त्यामुळे टबासाठी ती पुरेशी नाही. टाकी धुण्याची ब्लीचिंग पावडरही नको. तिच्यात चुना असतो. आधीच जड असलेलं पाणी तिने आणखी जड आणि दुधाळ होतं.

आधी मोजा, मग टाका

स्पाच्या सामानाबरोबर रंग बदलणाऱ्या तपासणी पट्ट्या मिळतात. टब वापरात असेल तेव्हा रोज एक पट्टी बुडवा आणि हे आकडे पाहा:

• अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम. 1 पीपीएम म्हणजे 1 लिटर पाण्यात 1 मिलिग्रॅम. ही कमी असेल तर खाण्याचा सोडा चालतो. 1000 लिटरला साधारण 17 ग्रॅम सोड्याने ती 10 पीपीएमने वाढते.

• पीएच 7.2 ते 7.8. पीएच 7.5 असताना क्लोरीनचा निम्मा भागच जोमाने काम करतो. 8 च्या वर गेलात तर तो पाव भागाच्याही खाली येतो. जेटच्या बुडबुड्यांनी पीएच आपोआप वर चढतो, तो उतरवायला स्पासाठीची कोरडी आम्ल पावडर मिळते.

• क्लोरीन किमान 3 पीपीएम, किंवा ब्रोमीन 4 ते 8 पीपीएम. गरम पाण्यात ब्रोमीन जास्त टिकतं, म्हणून झाकलेल्या टबासाठी अनेक जण तेच निवडतात.

• तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर नको.

हे आकडे याच क्रमाने बसवा. पीएच बिघडलेला असताना क्लोरीन ओतत राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

किती टाकायचं? 1000 लिटर पाण्यात 3 पीपीएमसाठी शुद्ध क्लोरीन लागतं फक्त 3 ग्रॅम. 56 टक्के क्लोरीनची डायक्लोर पावडर असेल तर साडेपाच ग्रॅमच्या आत भागतं. म्हणजे अंदाजे मूठभर टाकण्याचा हा प्रकारच नव्हे. छोटा वजनकाटा घ्या आणि डब्यावरचं प्रमाण पाळा.

क्लोरीनचा उग्र वास आला तर ‘औषध जास्त झालं’ असं समजू नका. बहुतेक वेळा तो घामाशी संयोग होऊन थकलेल्या क्लोरीनचा वास असतो. अशा वेळी पाण्याला स्पाचा शॉक डोस द्यावा लागतो आणि पट्टीवर आकडे जागेवर येईपर्यंत कुणी उतरायचं नाही.

ही चूक जिवावर बेतू शकते

• दोन रसायनं कधीही एकत्र करू नका. क्लोरीनमध्ये आम्ल किंवा टॉयलेट क्लीनर मिसळलं की विषारी वायू सुटतो. वेगवेगळ्या प्रकारच्या क्लोरीन पावडरी एकत्र आल्या तर आगही लागू शकते. दोन्हींसाठी एकच चमचासुद्धा वापरू नका.

• रसायन पाण्यात टाका, रसायनावर पाणी ओतू नका. पंप चालू, झाकण उघडं, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि टबात कुणीही नाही.

• गच्चीवरची पत्र्याची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. रसायनं तिथे नकोत. मूळ डब्यातच, थंड, कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात तर मुळीच नको.

• डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने 15 ते 20 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पाच वर्षांखालच्या मुलांना गरम टबात बसवू नका. गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने अंघोळ करावी. रसायन वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पाण्याचा मानही राखा

रोज चौघं बसत असतील तर 1000 लिटरच्या टबाचं पाणी साधारण 3 आठवड्यांनी बदला, दोघंच असाल तर दीड महिन्याने. काढलेलं पाणी गटारात सोडू नका. झाकण दोन-तीन दिवस उघडं ठेवा, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसलं की ते अंगण धुवायला, फ्लशला वापरा. ब्रोमीन वापरलं असेल तर झाडांना घालू नका.

शहराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या जयगड किल्ल्यात एकदा जाऊन या. अरवलीच्या उतारावरचं पावसाचं पाणी पाटांनी आणून तिथल्या प्रचंड टाक्यांत साठवलं जाई. तुम्हीही गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून, गाळून टब भरताना बोअरच्या पाण्यात मिसळू शकता. त्याचा जडपणा उतरतो, हीटर टिकतो आणि रसायनंही कमी लागतात.

आज रात्री टबाचं झाकण उघडाल, तेव्हा पाण्यात पाय सोडण्याआधी पट्टी बुडवा. रंग बघायला मुलांनाही बोलवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस त्यावर विसंबून असतं.