एका हिट पॉइंटची पिक्सी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आग ओकणारे ड्रॅगन आहेत, भिंती फोडणारे दैत्य आहेत. पण खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची खरी भंबेरी उडवली ती जेमतेम फूटभर उंचीच्या पिक्सीने.

२०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तिची कुंडली आहे : ताकद २, हिट पॉइंट (म्हणजे मार सोसण्याची क्षमता) १. त्याच पुस्तकात साध्या मांजराची ताकद ३ आणि हिट पॉइंट २. म्हणजे कागदावर पिक्सी मांजरापुढेही टिकायची नाही! पण चपळाई २०, पाठीला पंख, आणि हवं तेव्हा अदृश्य होण्याची कला. शस्त्रांचा तिला तिटकारा. त्यांच्या जागी दिवसातून एकेकदाच वापरता येणारे मंत्र : शत्रूला झोपवणं, वेलींत जखडणं, मनातलं ओळखणं, आणि दुसऱ्याचं रूप पालटणारा ‘पॉलिमॉर्फ’.

हा खोडकरपणा तिच्या माहेरचा. पिक्सी मूळच्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या, डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या लोककथांतल्या. आपल्याकडे रानात चकवा लागतो, तशी तिथे पिक्सी वाट चुकवते. उतारा म्हणजे कोट उलटा करून घालायचा. डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी गावात दर जूनमध्ये पोरं पिक्सी बनून चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना पळवून नेतात. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, तेव्हापासून पिक्सी त्यात आहे, आणि अदृश्यही तेव्हापासूनच.

आता भंबेरीची गोष्ट. २०१४ च्या नियमांत निसर्गाची जादू करणाऱ्या सातव्या पातळीच्या ड्रुइडला एक मंत्र मिळे, ज्याने आठ पिक्सी तासाभरासाठी मदतीला येत. त्यातल्या चौघींनी चार नायकांवर पॉलिमॉर्फ टाकला की चार महाकाय वानर उभे, प्रत्येकाचे हिट पॉइंट १५७. सातव्या पातळीच्या जादूगाराकडे सहसा पन्नासही नसतात. वानर कोसळला तरी आतला नायक बहुधा जसाच्या तसा बाहेर.

तोड होती, पण नाजूक. अदृश्य राहायला पिक्सीला एकाग्रता लागते आणि पॉलिमॉर्फ टिकवायलाही. दोन्ही एकदम जमत नाही. त्यामुळे मंत्र टाकणारी पिक्सी दिसू लागते, आणि ती दिसली की एक बाण पुरे. मात्र शहाणी पिक्सी उघड्यावर थांबतेच कशाला? मंत्र टाकला की झाडाआड पसार.

खेळाच्या कर्त्यांनी पुढे खुलासा केला : कोणते जीव यायचे हे डंजन मास्टर ठरवेल, खेळाडू नव्हे. माझ्या मते तेवढं पुरेसं होतं, कारण अशी युक्ती एकदा तरी यशस्वी होण्यातच खेळाची गंमत असते. पण २०२४ च्या नियमावलीत तो मंत्रच बदलला. आता ड्रुइडभोवती निसर्गाचे आत्मे घिरट्या घालतात आणि जवळ येणाऱ्या शत्रूला इजा करतात. पिक्सी त्यातून येत नाहीत.